रेंज वाढवायचा स्टिकर

मिस्त्रींनी पहिला स्टिकर घरी आणला तेव्हा त्यांच्या बायकोला वाटलं, गोळ्यांचं रिकामं पाकीट आहे. पातळ, सोनेरी, चमकणारा. वर बारीक रेघा एकात एक वळलेल्या. मागचा कागद सोलायचा, फोनची बॅटरी काढायची, तिच्याखाली तो चिकटवायचा आणि बॅटरी परत बसवायची. बाजारातल्या टपरीवाल्याने छातीवर हात ठेवून सांगितलं होतं, तळघरात बसा नाहीतर डोंगराच्या पोटात, आवाज खणखणीत येणार.

"हा काय प्रकार?" बायकोने विचारलं.

"अँटेना आहे. रेंज वाढते याने."

"एवढ्याशा कागदाने?"

"एवढ्याशा गोळीने तुझी डोकेदुखी थांबतेच ना?" मिस्त्री म्हणाले आणि कपाळावरचा चष्मा नाकावर ओढून कामाला लागले.

मिस्त्री म्हणजे लिफ्टचे मिस्त्री. उभा जन्म त्यांनी उंच इमारतींच्या माथ्यावर, मशीनच्या खोल्यांत काढला होता. तिथे मोटरची घरघर, दोरांचा खडखडाट आणि ग्रीसचा वास यांच्याशिवाय दुसरं काही नसतं. एखादी लिफ्ट कुरकुरायला लागली की मिस्त्री तिच्यात शिरून डोळे मिटून उभे राहत. खालून वर, वरून खाली अशी एक फेरी मारत. बाहेर येताना त्यांनी बोट दाखवलं की तिथेच बिघाड सापडायचा. या वर्षी मात्र त्यांनी काम सोडलं. गुडघे बोलायला लागले, असं त्यांनी घरी सांगितलं, आणि त्यावर कुणी शंका घेतली नाही, कारण ते जिना चढताना खरंच कण्हत असत.

बायको मात्र अजून कामावर जायची. चौकातल्या लाँड्रीत ती काउंटरवर उभी असे. पाठीमागे कपडे धुणारी मोठी यंत्रं घुमत असायची, वाफेची इस्त्री फुसफुसत असायची, त्यामुळे गिऱ्हाइकाला "कोटाचं बटण तुटलंय हो" हे सांगायचं तरी ओरडूनच सांगावं लागे. तिथले सगळे तिला मावशी म्हणत. संध्याकाळी मावशी घरी यायची ती तोच आवाज घेऊन. मिस्त्री पूर्वी चिडायचे. म्हणायचे, "अगं, मी तुझ्या पुढ्यात बसलोय, गल्लीच्या टोकाला नाही. जरा हळू." अलीकडे ते तसं म्हणेनासे झाले होते. वयाने माणूस मवाळ होतो, असा मावशीने त्याचा अर्थ लावला होता, आणि तिला ते मनातून आवडलंही होतं.

त्यांना एकच मुलगी. लहानपणी एका जागी टिकायची नाही, म्हणून तिचं नाव पडलं भिंगरी. ते नाव ती पूल बांधणाऱ्या कंपनीत इंजिनियर झाली तरी सुटलं नाही. तिची नोकरी दूरच्या शहरात होती. ती जायला निघाली तेव्हा घरात जरा वाजलं होतं. मिस्त्रींनी आपल्या ओळखीने लिफ्टच्या कंपनीत तिच्यासाठी शब्द टाकला होता, आणि तिने तो नाकारला होता. "जायचं तर जा. मला कशाला विचारतेस?" असं ते म्हणाले होते. मग दुसऱ्या दिवशी तिची सगळ्यांत जड बॅग स्वतःच उचलून बसपर्यंत घेऊन गेले, आणि बस हलेपर्यंत खिडकीखाली उभे राहिले. त्यांच्या मते तेवढ्याने भांडण मिटलं होतं.

भिंगरी दर रविवारी संध्याकाळी फोन करायची. आधी बाबांच्या फोनवर, कारण आईचा फोन कायम पर्सच्या तळाशी असायचा. पहिल्या स्टिकरनंतरच्या रविवारी मिस्त्री फोन घेऊन खिडकीत उभे राहिले, कानावर घट्ट दाबून धरला, आणि बोलणं झाल्यावर विजयी मुद्रेने म्हणाले, "बघ. फरक आहे."

पुढच्या रविवारी फरक नव्हता.

"हॅलो? हॅलो, तुटतंय गं! काय म्हणालीस? बरं बरं. हे घे, आईशी बोल." आणि फोन मावशीच्या हातात.

मावशीला मुलीचा आवाज शेजारच्या खोलीतून आल्यासारखा स्वच्छ यायचा. "मला तर येतंय ऐकू," ती म्हणायची.

"तुझ्या हातात गेला की रेंज येते. तूच टॉवर आहेस," मिस्त्री म्हणायचे, आणि दोघं हसायची.

मग दुसरा स्टिकर आला. हा चंदेरी होता आणि त्याच टपरीवाल्याच्या म्हणण्यानुसार नवीन जातीचा. तो पहिल्याच्या डोक्यावर बसला. तिसरा आला तेव्हा फोनचं मागचं झाकण लागेना, म्हणून मिस्त्रींनी त्याला रबर बँड लावला. ते गॅलरीत जाऊन बोलून बघत. जिन्याच्या वळणावर जाऊन बघत. एकदा गच्चीवर गेले तर वरच्या मजल्यावरच्या बाई कपडे वाळत घालत होत्या. त्या म्हणाल्या, "मिस्त्री, एवढं ओरडून बोलताय तर फोन कशाला हवा? तिला असंच ऐकू जाईल." मिस्त्रींनी त्यांच्याकडे बघून नुसतंच हसून मान डोलावली.

असं करता करता रविवारचं बाबांचं बोलणं अगदी आटून गेलं. "कशी आहेस? बरी आहेस ना? रेंज नाही गं. आईला देतो." एवढंच.

एक दिवस भिंगरीने भर दुपारी आईला लाँड्रीत फोन लावला. मावशी कपड्यांच्या गठ्ठ्यांमागे, जरा शांत कोपऱ्यात गेली.

"आई, खरं सांग. बाबा अजून रागावलेत का माझ्यावर?"

"छे गं. फोन खराब आहे त्यांचा."

"आई, त्यांच्या फोनवर तू बोलतेस तेव्हा तो खराब नसतो. मी त्यांना पुलाचं काम पूर्ण झाल्याचं सांगितलं. माझा पहिला पूल, आई. ते म्हणाले, 'बरं बरं, जेवण वेळेवर घे.' मी नंतर किती वेळ फोन हातात धरून बसले होते."

"रेंजचंच आहे बघ ते," ती म्हणाली, पण तिला स्वतःलाच ते पटलं नाही.

भिंगरीने त्यावर आपल्या परीने उपाय केला. आठवडाभरात कुरियरवाला नवा कोरा फोन देऊन गेला. चांगल्यातला, मोठ्या पडद्याचा. मिस्त्रींनी तो बोटांनी कुरवाळला, दहा वेळा पुसला. या फोनचं मागचं झाकण उघडतच नव्हतं, तेव्हा त्यांनी बाजारातून चौथा स्टिकर आणून तो बाहेरूनच, पाठीवर, मधोमध चिकटवला.

"अहो, नव्या फोनला कशाला?"

"असू दे. नुकसान तर नाही."

आणि रविवारी नव्या फोनवरही रेंज नव्हती.

मावशीने मग तो फोन पर्समध्ये टाकला आणि लाँड्रीतून सुटल्यावर फोन दुरुस्तीच्या दुकानात गेली. दुकान एका बाईचं होतं. डोळ्याला भिंग लावून ती दिवसभर फोनांच्या पोटात बघत बसायची. तिने फोन उलटा केला, स्टिकर बघितला आणि हसली.

"मावशी, हा कुणी गळ्यात मारला?"

"आमच्या ह्यांनी आणला. का, चांगला नाही?"

"चांगला-वाईट असायला त्याने काही करायला तर हवं. हा नुसता चमकीचा कागद आहे. फोनची खरी अँटेना आत असते. तिला हा कुठे जोडलेलाच नाही. उलट धातूचा पत्रा भलत्या जागी बसला तर असलेली रेंजसुद्धा थोडी अडेल."

"मग लोक घेतात कसे?"

"लोक स्टिकर लावतात आणि काम करतो का बघायला खिडकीत जाऊन उभे राहतात. खिडकीत रेंज असतेच. मग म्हणतात, वा, काय स्टिकर आहे!" तिने नखाने कडा उचलून स्टिकर सोलून काढला. "पण तुमच्याकडे रेंज कमी आहे म्हणता, तर बघू या. मी माझ्या फोनवरून लावते. तुम्ही आतल्या गोदामात जाऊन बोला. तिथे रेंज सगळ्यांत वाईट."

मावशी आत गेली. खोक्यांच्या मधल्या फटीत उभी राहिली. फोन वाजला. तिने तो कानाला लावला मात्र, दचकून लगेच लांब धरला.

"बाई गं! केवढा आवाज!"

दुकानदारीण बाहेरून हसत म्हणाली, "इथपर्यंत येतोय मला माझाच आवाज. पूर्ण वाढवून ठेवलाय तुम्ही. फोनला काही झालेलं नाही, मावशी. फोन उत्तम आहे."

मावशी गोदामातच उभी राहिली. तिने फोनच्या कडेचं बटण दाबून आवाज कमी केला, आणि दाबता दाबता तिचा अंगठा थांबला. आवाज पूर्ण वाढवलेला होता. रविवारी ती बोलली तेव्हा एवढा नव्हता. मग कुणी वाढवला? या फोनला मिस्त्रींशिवाय दुसऱ्या कुणाचा हात लागलाच नव्हता.

मग एकेक गोष्ट तिच्या डोळ्यांपुढे यायला लागली. परवा नळ रात्रभर चालू राहिला होता, आणि मिस्त्री त्याच्या शेजारच्याच खोलीत झोपले होते. दार वाजलं की ते हल्ली उठायचे नाहीत, आणि ती वैतागून म्हणायची, "सगळी कामं मीच करायची." टीव्हीसमोरची त्यांची खुर्ची पुढे पुढे सरकत आता अगदी पडद्याला टेकली होती. वरच्या मजल्यावरच्या बाईंनी तिला नंतर हसत सांगितलेला गच्चीवरचा विनोद त्यांना ऐकूच गेला नसणार. आणि ती स्वतः? घरात पाऊल टाकल्यापासून ती लाँड्रीतल्या आवाजात बोलायची. ती ओरडायची म्हणूनच त्यांना ऐकू येत होतं. ते मवाळ झाले नव्हते. "हळू बोल" म्हणायची त्यांच्यावर वेळच आली नव्हती.

"मावशी, बरं वाटतंय ना?" दुकानदारीण आत डोकावली.

"हो, हो," मावशी म्हणाली. "धूळ आहे गं इथे."

ती घरी आली तेव्हा मिस्त्री खिडकीशी पाठमोरे बसून टेबलफॅन खोलत होते. स्क्रू एका बशीत काढून ठेवलेले. मावशीने दाराचा आवाज केला. त्यांनी मान वळवली नाही. ती त्यांच्या मागे जाऊन उभी राहिली आणि साध्या, हळू आवाजात म्हणाली, "अहो."

मिस्त्रींनी पंख्याचं पातं फुंकून धूळ उडवली.

"अहो, तुमच्या बनियनला भोक पडलंय."

काही नाही. पातं फिरवून बघणं चालू.

मावशी तिथून हलली नाही. इतक्या वर्षांच्या संसारात जे कधी तोंडावर बोलायला जमलं नव्हतं, ते ती त्यांच्या पाठीकडे बघून बोलून गेली. "तुम्ही लिफ्टच्या खड्ड्यात उतरायचात ना, त्या दिवशी मला लाँड्रीत एकही कपडा नीट घडी घालता यायचा नाही. तुम्ही घरी येऊन बूट काढलेत की मग मी श्वास घ्यायचे. तुम्हाला कधी सांगितलं नाही."

मिस्त्रींनी बशीतला एक स्क्रू उचलला, उजेडात धरून पाहिला. मग त्यांना काचेत तिची सावली दिसली असावी, कारण ते एकदम वळले.

"कधी आलीस? अगं, रडतेस काय?"

मावशीने पदराने डोळे पुसले, दुसरी खुर्ची ओढली आणि त्यांच्या अगदी समोर बसली. त्यांना तिचे ओठ दिसतील अशी.

"फोन दाखवून आले. फोन चांगला आहे."

"मग तो स्टिकर..."

"स्टिकर नुसता कागद आहे. त्याने काही होत नाही."

मिस्त्रींनी हातातला स्क्रू बोटांत फिरवला. मग हळूच म्हणाले, "ठाऊक आहे मला."

"काय ठाऊक आहे?"

"अगं, जन्मभर तारा जोडल्या मी. ज्याला तारच जोडलेली नाही ते काय काम करणार? पहिला आणला तेव्हाच कळलं होतं."

"मग पुन्हा पुन्हा कशाला आणलेत?"

मिस्त्रींनी खांदे उचलले. "फोन बिघडलाय, रेंज नाही, असं म्हणता येत होतं ना. ते संपलं की मग सगळा दोष माझ्याच कानांवर यायचा."

मावशीने त्यांच्या हातातला स्क्रू काढून बशीत ठेवला आणि हात आपल्या हातात घेतला. बोटांच्या पेरांत अजून ग्रीस होतं. किती धुतलं तरी ते जायचं नाही.

"गुडघ्यांसाठी नाही सोडलंत काम."

"नाही."

मग त्यांनी सांगितलं. एका इमारतीत लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली होती. ते आणि त्यांचा जोडीदार तिथे गेले. मिस्त्रींनी दाराशी तोंड नेऊन हाक मारली, आत कुणी आहे का. उत्तर आलं नाही. त्यांनी पुन्हा विचारलं, कान दाराला लावला. काहीच नाही. केबिन रिकामी आहे असं समजून ते ब्रेक सोडून ती खाली घ्यायला सांगणार, एवढ्यात जोडीदाराने त्यांचा दंड धरला. म्हणाला, उस्ताद, काय करताय, आतली बाई केव्हाची ओरडतेय.

"आत एक पोरगी होती, अगं. कडेवर बाळ. आम्ही तिला नीट बाहेर काढली, तिला काही लागलं नाही. तिने माझे आभार मानले. मला तेही ऐकू आलं नाही, नुसते ओठ हलताना दिसले. जोडीदार म्हणाला, बारीक आवाज होता तिचा. आपल्या भिंगरीसारखा." त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. "दुसऱ्या दिवशी मी राजीनामा दिला. तो बिचारा कुणाला काही बोलला नाही."

"आणि मला?"

"तुला सांगायचं म्हणून रोज जिना चढायचो. वर आलो की तू काहीतरी विचारायचीस, मला ऐकू यायचं, आणि वाटायचं, एवढं काही झालेलं नाही. तुझं सगळं ऐकू येतं मला."

मावशी रडता रडता हसली. "लाँड्रीची कृपा."

थोड्या वेळाने ते म्हणाले, "भिंगरीला मात्र बोलू नकोस. उगाच नोकरी टाकून धावत येईल."

"ती वेगळंच समजून बसलीय." मावशीने त्यांच्या डोळ्यांत बघून, एकेक शब्द सुटा करून सांगितलं. "तिला वाटतंय तुम्ही तिच्यावर अजून रागावलात. म्हणून बोलत नाही. तिने तुम्हाला तिचा पूल पूर्ण झाल्याचं सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, जेवण वेळेवर घे."

मिस्त्रींचा चेहरा पडला. मावशीने त्यांना लिफ्टच्या खड्ड्यातून चिखलाने माखून आलेलं पाहिलं होतं, तापाने फणफणलेलं पाहिलं होतं, पण असं कधी पाहिलं नव्हतं.

"पूल झाला तिचा?" त्यांनी विचारलं. "पूर्ण झाला?"

"झाला."

ते उठले. खोलीत एक चक्कर मारली. खिडकीपाशी गेले, परत आले. "फोन लाव तिला," ते म्हणाले.

"आत्ता? कामावर असेल."

"असू दे. लाव. आणि तू इथेच बस."

मावशीने फोन लावला. पलीकडून भिंगरी घाबरून म्हणाली, "आई? काय झालं?" मावशीने काही न बोलता फोन मिस्त्रींच्या हातात दिला. त्यांनी तो कानाला लावला नाही. तोंडासमोर धरला, बिस्किट खायला धरतात तसा.

"भिंगरी, मी बाबा. मी बोलतो, तू ऐक. मध्ये काही बोलू नकोस, कारण मला ते कळणार नाही. मला ऐकू येत नाही. फोन चांगला आहे, तू दिलेला फोन फार चांगला आहे, माझे कान गेलेत. बरेच दिवस झाले. तुझा आवाज तर अजिबातच येत नाही, नुसतं कुजबुजल्यासारखं वाटतं. मी तुझ्यावर रागावलो नाही. रागावलो होतो तो बसस्टँडपर्यंत. तुझी बॅग इतकी जड होती की राग तिथेच संपला." ते थांबले, दम घेतला. "पुलाचं मला आत्ता कळलं. त्या दिवशी ऐकू आलं असतं तर मी... मी जेवणाचं नसतं बोललो. तुझा पूल मला बघायचाय. त्याच्यावरून चालत जायचंय. एवढंच. आता आईला सांग काय सांगायचं ते, ती मला सांगेल."

त्यांनी फोन मावशीकडे दिला आणि तिच्या तोंडाकडे बघत उभे राहिले.

मावशी ऐकत होती, पण बोलत नव्हती.

"काय म्हणतेय?" मिस्त्रींनी विचारलं.

"काही म्हणत नाही. रडतेय."

"मोठ्याने?"

"हो."

मिस्त्रींनी मान खाली घातली. मग हात पुढे करून फोन घेतला, कानावर दाबून धरला, आणि काही ऐकू येत नसताना तसेच उभे राहिले. बराच वेळ. मावशी पंख्याचे स्क्रू उगाच एका ओळीत लावत बसली.

कानाच्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी मिस्त्रींना एका बंद, जाड भिंतींच्या खोलीत बसवलं, डोक्यावर हेडफोन चढवला, हातात बटण दिलं आणि सांगितलं, आवाज आला की दाबायचं. मिस्त्रींनी शाळेतल्या मुलासारखं ताठ बसून बटण दाबायला सुरुवात केली. दाबलं, दाबलं, पुन्हा दाबलं. डॉक्टरीणबाईंनी दार उघडलं. "काका," त्या मोठ्याने म्हणाल्या, "मी अजून सुरूच केलेलं नाही."

बाहेर बसलेली मावशी इतकी हसली की तिला पाणी प्यावं लागलं. मिस्त्रींनाही हसू फुटलं.

डॉक्टरीणबाईंनी सगळं नीट समजावून सांगितलं. इतकी वर्षं मशीनच्या गोंगाटात काढल्यावर असं होतं. बारीक, उंच आवाज आधी जातात. बायकांचे, मुलांचे, पाखरांचे. गेलेलं परत येत नाही, पण उरलेलं मोठं करून देता येतं. त्यासाठी कानामागे बसणारं मशीन मिळतं, आणि फोनचा आवाज थेट त्या मशीनमध्ये येतो.

"याला तार जोडलेली असते का?" मिस्त्रींनी संशयाने विचारलं.

"नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण हे काम करतं. लावून बघा, मग ठरवा."

सुरुवातीचे दिवस फार कठीण गेले. चमचा बशीवर ठेवला तरी मिस्त्री दचकायचे. कागद चुरगळला की तोंड वाकडं करायचे. रस्त्यावर सगळंच एकदम अंगावर यायचं, आणि माणसाचं बोलणं त्या गदारोळात बुडून जायचं. दोन-तीनदा त्यांनी मशीन काढून कपाटात टाकलं आणि म्हणाले, "पत्र्याच्या डब्यात बसल्यासारखं वाटतं मला. मी आहे तसा बरा." मावशी वाद घालायची नाही. ती फक्त आपला आवाज खाली आणायची. लाँड्रीतून आल्यावर ती मुद्दाम हळू, अगदी हळू बोलायची, इतकं की जेवताना मिस्त्रींना तिच्याकडे तीन तीनदा "काय?" करावं लागे. शेवटी ते कपाटाकडे जाऊन मशीन लावून येत. "बोल आता," ते म्हणत. "छळवाद नुसता."

हळूहळू कान सरावले. सगळं काही परत आलं नाही. चार माणसं एकदम बोलली की मिस्त्री अजूनही हरवतात, आणि लिफ्टच्या कामावर ते पुन्हा गेले नाहीत. जोडीदाराने एकदा घरी येऊन बोलावलं होतं. मिस्त्री म्हणाले, "नको. आतून कुणी हाक मारली तर ती शंभर टक्के ऐकू यायला हवी. माझी खात्री नाही." जोडीदाराने चहा घेतला, जुन्या गोष्टी निघाल्या, आणि तो जाताना मिस्त्री त्याला दारापर्यंत सोडायला गेले आणि त्याचा दंड क्षणभर धरून उभे राहिले.

त्यानंतरच्या एका रविवारी भिंगरीचा फोन आला तेव्हा मावशी ओट्याशी वाटाणे सोलत होती. मिस्त्रींनी फोन उचलला. मावशी सवयीने हात पुसायला लागली, कारण आता फोन तिच्याकडे येणार होता.

"हॅलो," मिस्त्री म्हणाले. मग गप्प झाले. मग म्हणाले, "सर्दी झालीय का तुला?"

मावशीचे हात थांबले.

"नाक चोंदल्यासारखं बोलतेयस. वाफ घे. काय? नळ? कुठला, न्हाणीघरातला? थांब, थांब, नीट सांग. बंद केल्यावर लगेच गळतो की जरा वेळाने? बरं. आणि गळताना आवाज कसा येतो? टप टप की सुर्र?"

मावशीने भांडं ओढलं. ते ओट्यावर खरखरलं. मिस्त्रींनी वळून तिच्याकडे रागाने पाहिलं आणि ओठांवर बोट ठेवलं.

"आई गोंधळ करतेय इथे. थांब, मी आत जातो. तू फोन नळाजवळ ने बरं. हां, तसाच धर. बोलू नकोस, मला ऐकू दे."

आणि ते आतल्या खोलीत गेले, आणि त्यांनी दार लावून घेतलं.

मावशी बंद दाराकडे बघत राहिली. आतून बाप-लेकीचं बोलणं चालू होतं, वॉशर बदलायचा की सगळा नळच, पाना कुठल्या मापाचा हवा, आधी मुख्य नळ बंद कर बरं का, नाहीतर भिजशील. मधेच मिस्त्री मोठ्याने हसले. कशाला ते काही तिला कळलं नाही. दार चांगलं जाड होतं, बाकीचे शब्द धड लागत नव्हते. तिने एक-दोनदा पुढे होऊन कान दिला, मग सोडून दिलं. वाटाण्याची पुढची शेंग उचलली आणि मान तिरकी करून, जरासुद्धा आवाज होऊ न देता, ती अंगठ्याने हळूच उघडली.